बर्फाखालचे कंद, अंगणातला मोहोर

पौषातल्या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच काळजीची आहेत: झाड गप्प आहे, ते मेलं तर नाही ना? त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत.

मुलगी कॅनडात टोरांटोजवळ राहते. तिच्या घरामागच्या बागेवर दीड-दोन फूट बर्फ साचला आहे. गेल्या वर्षी लावलेली झाडं खाली गुदमरून मरतील, म्हणून बर्फ उपसून काढावा असं तिला वाटतं. काढावा का?
– वाचक, गुहागर

अजिबात काढू नये. ताज्या, भुसभुशीत बर्फात दहातले जवळजवळ नऊ भाग हवाच असते आणि तीच गोधडीचं काम करते. वर हवा उणे 15 अंशांवर गेली तरी जाड थराखालची माती शून्याच्या आसपास राहते. बहुवर्षायू झाडांची मुळं आणि कंद तेवढं सहज सोसतात.

खरा धोका उघड्या जमिनीला असतो. दिवसा माती वितळते, रात्री पुन्हा गोठून फुगते. असं आठ-दहा वेळा झालं की नवं रोप मुळांसकट वर उचललं जातं आणि वाऱ्याने वाळतं. म्हणून वाऱ्यामुळे बर्फ उडून माती उघडी पडली असेल, तिथे वाळलेल्या पानांचा 8-10 सेंमी थर द्यायला सांगा. आपण आळ्यात पातेरा घालतो तसाच.

हात फक्त फांद्यांना लावायचा, तोही ओला, जड बर्फ बसून त्या वाकल्या असतील तरच. झाडू फांदीखाली धरून हलकेच वर उचलावा. वरून झोडपलं की फांदी मोडते. फांदीवर बर्फाचं काचेसारखं कवच चढलं असेल तर मात्र ते आपोआप वितळू द्यावं, कारण अशी फांदी तडकन तुटते. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. तो खारट बर्फ फावड्याने वाफ्यात लोटू नये. खाडीचं पाणी बांध फोडून शेतात शिरलं की भाताचं जे होतं, तेच तिथल्या झाडांचं होतं.

झुडूप जिवंत आहे का, हे पाहायचं असेल तर वसंतात एका काडीची साल नखाने जराशी खरवडावी. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर तेवढी काडीच मेलेली असते, त्यामुळे आणखी खाली खरवडून पाहावं. मे उजाडेपर्यंत कुठलंही झाड उपटू नका, असं तिला आमच्यातर्फे सांगा.

श्रीनगरची ट्यूलिपची बाग पाहिल्यापासून घरी ट्यूलिप लावायची फार इच्छा आहे. परदेशातून येणारे नातेवाईक कंद आणायला तयार आहेत. आमच्याकडे फुलेल का?
– वाचक, रत्नागिरी

आधी कंद आणण्याबद्दल. लागवडीचं साहित्य भारतात आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. बॅगेत घालून आणू नयेत. आपल्याकडे हंगामात कंद विकत मिळतात.

आता फुलण्याबद्दल. ट्यूलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगरांतला. त्याची कळी कंदाच्या आत उन्हाळ्यातच तयार होते, पण तिचा दांडा लांबायला 12 ते 14 आठवडे सलग थंडी लागते, 9 अंशांच्या खाली. श्रीनगरला ती जमिनीतच मिळते, म्हणून तिथली बाग मार्चअखेर-एप्रिलमध्ये फुलते. रत्नागिरीत ही थंडी फ्रिजमधूनच द्यावी लागेल.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घट्ट, वजनदार, बुरशी नसलेले कंद घ्या. कागदी पिशवीला चार भोकं पाडून कंद त्यात भरा आणि पिशवी भाजीच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको. त्याच कप्प्यात सफरचंद, केळी, चिकू ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कंदातली कळी आतल्या आत मरते. पुष्कळांचे ट्यूलिप नुसती पानं देतात, त्याचं एक कारण हे असतं. दुसरं कारण घाई: सहा आठवड्यांत कंद बाहेर काढले की कळी पानांच्या बुडाशीच अडकून बसते.

जानेवारीच्या सुरुवातीला आठ इंची कुंडीत पाच कंद लावा, टोक वर आणि सपाट बाजू कुंडीच्या काठाकडे. माती, जाडी वाळू आणि कुजलेलं शेणखत समभाग घ्या. एकदा पाणी देऊन कुंडी दोन आठवडे घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. कोंब दोन इंच झाला की सकाळचं कोवळं ऊन द्या. दुपारचं ऊन लागता कामा नये.

एवढं करूनही दांडा आखूड राहील आणि फूल काही दिवसच टिकेल. फुलून गेलेला कंद आपल्या हवेत पुढच्या वर्षी उपयोगी पडत नाही. हौस म्हणून पाच कंद जरूर लावा. वाफाभर लावू नका.

दारातल्या हापूसच्या कलमाला यंदा उशिरा, पण भरपूर मोहोर आला. आता तो काळा पडून गळतो आहे. मोहोर लवकर यावा म्हणून नोव्हेंबरपासून रोज पाणी घालत होतो. काय चुकलं?
– वाचक, देवगड

पाणी चुकलं. हापूसला मोहोर धरायला पावसाळ्यानंतरचा कोरडा ताण आणि रात्रीची थंडी, दोन्ही हवं. ताण न मिळालेलं कलम मोहोराऐवजी पालवी काढतं. पालवी जून होईपर्यंत मोहोर लांबतो आणि मग फळ पावसाच्या तोंडी सापडतं. पुढच्या वर्षी पाऊस थांबला की फळ धरेपर्यंत पाणी पूर्ण बंद.

काळं पडण्याची कारणं वेगळी. सकाळी दंव असतानाच मोहोराची एक डिरी, म्हणजे मोहोराचा तुरा, पांढऱ्या कागदावर झटका. पाचरीसारखे बारीक करडे किडे तिरके पळाले तर ते तुडतुडे. पानं हाताला चिकट लागतील. त्या चिकट्यावर काजळी चढते आणि सगळं काळं दिसतं. मोहोर चुरल्यावर बोटाला पिठासारखी पांढरी भुकटी लागली तर ती भुरी. चिकटपणा नाही, भुकटी नाही, पण दांड्यावर खोलगट काळे ठिपके आहेत आणि मध्यंतरी ढगाळ किंवा पावसाळी हवा होती, तर करपा.

भुरीवर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, 10 लिटर पाण्यात 20 ग्रॅम. तुडतुड्यांवर इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के, 10 लिटरला 3 मिलि. पण मोहोर पूर्ण उमललेला असेल तर कीटकनाशक मारू नका. माश्या आणि मधमाश्या तेव्हाच परागीभवन करतात आणि हापूस स्वतःच्या परागाने फारसा धरत नाही. फवारा खोडावर आणि आतल्या फांद्यांवरही पोचला पाहिजे, कारण तुडतुडे सालीच्या भेगांत लपतात. करप्याचे मोहोर काढून जाळा आणि आतली दाट फांदी जूनआधी विरळा.

फळ धरल्यानंतर पुन्हा कडाक्याची थंडी आली तर हापूस नवा मोहोर काढतो आणि आधीची कणी, म्हणजे नुकती धरलेली बारीक फळं, गाळतो. हा पुनर्मोहोर थोपवण्यासाठी जिब्रेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक, 1 ग्रॅम 20 लिटर पाण्यात: एकदा मोहोर पूर्ण उमलल्यावर, दुसऱ्यांदा फळं वाटाण्याएवढी झाल्यावर. त्याची भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्या.

पाण्याची वेळ आता. फळं वाटाण्याएवढी झाली की दर 15 दिवसांनी 150-200 लिटर, तीन-चार वेळा, फांद्यांच्या घेराखाली गोल आळं करून. खोडाशी ओतू नका. वर पेंढा किंवा गवत पसरा, नाहीतर जांभ्याच्या जमिनीत ते पाणी दोन दिवसांत नाहीसं होतं.

भुईचाफ्याची पानं पिवळी पडून गळाली, आता कुंडीत नुसती माती आहे. गेला का?
– वाचक, वेंगुर्ले

गेला नाही, गड्डा झोपला आहे. पाणी बंद करा. ओल्या मातीत झोपलेला गड्डा कुजतो. कुंडी पावळीखाली, सावलीत आडवी ठेवली तरी चालते. उन्हाळ्यात पानांच्या आधीच फुलं थेट मातीतून वर येतील, पांढरी-जांभळी आणि सुवासिक. पहिलं फूल दिसलं की दोन दिवसांआड पेलाभर पाणी सुरू करा. जमिनीत लावलेला असेल तर तिथे आजच एक काठी रोवून ठेवा, म्हणजे शिमग्याच्या साफसफाईत त्या जागी कुदळ पडणार नाही.