कंपनीचा मॅच, २४,५०० ची मर्यादा आणि मधेच बदललेली नोकरी

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पगार १,२०,००० डॉलर, तुम्ही भराल त्यातल्या पगाराच्या पहिल्या ६ टक्क्यांवर कंपनी निम्मा मॅच (स्वतःकडून घातलेली भर) देते, तर तो मॅच ४०१(के)च्या, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्याच्या, मर्यादेतून वजा होतो का? आणि जुलैत नोकरी बदलायची असल्याने जूनपर्यंत पगाराचे ४० टक्के कापून सगळं भरून टाकावं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. वजा होत नाही. २०२६ साठी २४,५०० डॉलर ही मर्यादा फक्त तुमच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या रकमेची आहे, ट्रॅडिशनल (टॅक्सआधी कापलेले) आणि रॉथ (टॅक्स भरून घातलेले) दोन्ही मिळून. (पन्नाशी गाठलेल्यांना वर आणखी ८,०००.) मॅच मोजला जातो तो दुसऱ्या, मोठ्या मर्यादेत: तुमचे, कंपनीचे आणि आफ्टर-टॅक्स (२४,५०० च्या वर, टॅक्स भरून घातलेले) असतील तर तेही धरून ७२,०००. तुमचा वर्षाचा मॅच ३,६०० होतो, म्हणजे सगळं भरूनही २८,१००. त्या मर्यादेची काळजी मेगा बॅकडोअर रॉथवाल्यांनी, म्हणजे आफ्टर-टॅक्स पैसे भरून ते रॉथमध्ये वळवणाऱ्यांनी करावी.

दुसऱ्या प्रश्नात मात्र खरी गोम आहे. आपल्याला पीएफची सवय. तिथे दर महिन्याला आपले कापले जातात, कंपनीचे पडतात, बघावं लागत नाही. इथे बहुतेक ठिकाणी मॅच पेचेकगणिक, म्हणजे पगाराच्या प्रत्येक खेपेला वेगळा ठरतो. ज्या पेचेकमधून तुमचं काही कापलं गेलं नाही, त्याचा मॅच शून्य.

तुमचाच हिशेब मांडू. महिन्याला दोन पेचेक, प्रत्येकी ५,०००. चाळीस टक्के म्हणजे २,००० दर खेपेला. जूनअखेर बारा पेचेकमध्ये २४,००० भरले. जुन्या कंपनीचा मॅच दर खेपेला १५०, एकूण १,८००. वीस टक्के कापले असते तरी तेवढाच मिळाला असता, कारण मॅच ६ टक्क्यांपुढे जातच नाही. पण नव्या कंपनीत जाताना तुमच्या हातात उरतात फक्त ५००. २४,५०० ही मर्यादा माणसागणिक आहे, कंपनीगणिक नाही. म्हणजे तिथे मॅच कितीही चांगला असो, उरलेलं वर्ष तो तुमच्या समोरून जाणार. वीस टक्क्यांनी गेलात तर १२,५०० ची जागा घेऊन जाल.

अपवाद एकच. काही कंपन्या नव्या माणसाला पहिले काही महिने, कधी वर्षभरही, मॅच देत नाहीत. तुमच्या ऑफरमध्ये तसं असेल तर जूनपर्यंत खुशाल भरून टाका. एचआरला आजच विचारा.

नोकरी न बदलणाऱ्यांनीही हे वाचावं. ४० टक्क्यांवर मर्यादा तेराव्या पेचेकलाच संपते आणि उरलेल्या अकरा पेचेकचे १,६५० डॉलर बुडतात. कंपनी वर्षअखेरीस ‘ट्रू-अप’ करत असेल तर फरक भरून मिळतो, पण ते प्लॅनच्या कागदात लिहिलेलं असायला हवं. शेजारच्या क्यूबिकलमधल्या माणसाच्या सांगण्यावर जाऊ नका.

नव्या कंपनीच्या पेरोलला आधीची रक्कम आपोआप कळत नाही, तुम्हालाच सांगावी लागते. दोन्ही कंपन्यांच्या डब्ल्यू-२ वर (वर्षाच्या पगाराचा आणि टॅक्सचा फॉर्म) बारा नंबरच्या चौकटीत ‘डी’ (रॉथ असेल तर ‘एए’) पुढचे आकडे असतात, त्यांची बेरीज करा. २४,५०० च्या वर गेली तर जादा रक्कम आणि तिच्यावरची कमाई पुढच्या १५ एप्रिलपूर्वी काढून घ्या. राहिली तर ट्रॅडिशनलच्या पैशांवर दोनदा टॅक्स लागतो. ७२,००० चा हिशेब मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्या कंपन्या एकाच मालकाच्या नसतील तर.

आणि राजीनामा देण्याआधी व्हेस्टिंग बघा, म्हणजे मॅचचे पैसे कायमचे तुमचे कधी होतात ते. तुमचे पैसे पहिल्या दिवसापासून तुमचेच, मॅचचं तसं असेलच असं नाही. तीन वर्षांची क्लिफ असेल (तोवर काहीच तुमचं नाही, मग एकदम सगळं) आणि तुमची तीन वर्षं ऑगस्टमध्ये भरत असतील, तर जुलैत निघणं म्हणजे आजवरचा सगळा मॅच कंपनीला परत. एच१बीवर येऊन दोन-अडीच वर्षांत पुण्याला परतणाऱ्यांचं असंच होऊ शकतं. तसं असेल तर नव्या कंपनीकडे रुजू व्हायची तारीख महिनाभर पुढे मागून बघा.