मी सावकाश धावते. रात्रभराच्या रिलेत माझ्यामुळे संघ मागे पडेल का?

तुम्ही लिहिलंय की ग्रुप रिले शर्यतीला चाललाय, सहाव्या माणसाची जागा रिकामी आहे, १० किलोमीटरला तुम्हाला ८० मिनिटं लागतात आणि बाकीचे ६५ मिनिटांत येतात. तर जावं की नको. जा. मीही ८० मिनिटंवालीच आहे आणि दोन वर्षं जाऊन आलेय.

आमची शर्यत इंदूर आणि आसपासच्या धावणाऱ्या ग्रुपांनी मिळून ठरवलेली. जानेवारीतल्या शनिवारी रात्री १२ वाजता राजवाड्यावरून निघायचं आणि राऊ, महू, जाम दरवाजा, मंडलेश्वर करत रविवारी सकाळी महेश्वरला नर्मदेच्या घाटावर पोचायचं. अंतर ९० किलोमीटरच्या आसपास. संघात ६ जण, टप्पे १२, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात-साडेसात किलोमीटरचे दोन. एक जण धावतो, बाकीचे गाडीनं पुढच्या चौकीवर जाऊन उभे राहतात. एकमेकांना द्यायचा तो खांद्यावरून घालायचा कापडी पट्टा. ही पद्धत जपानची. तिथे १९१७ साली क्योटो ते टोकियो अशी पहिली एकिडेन, म्हणजे लांब पल्ल्याची रिले, झाली, तीच मुळी ५०० किलोमीटरच्या वर होती.

आता तुमच्या भीतीचा हिशेब मांडू. किलोमीटरमागे तुम्ही दीड मिनिट जास्त घेता. साडेसात किलोमीटरला सव्वाअकरा मिनिटं, दोन टप्प्यांचे मिळून साडेबावीस. संघाला एकूण १० तास लागणार. त्यात ही साडेबावीस मिनिटं आधीच ठाऊक आहेत, त्यामुळे ती धरूनच वेळापत्रक लिहिता येतं. संघाचं नुकसान होतं ते न धरलेल्या मिनिटांनी, आणि ती मिनिटं धावण्यात जात नाहीत, गाडीत जातात.

पहिल्या वर्षी माझा चौथा टप्पा होता, महू मागे टाकून बडगोंद्याच्या बाजूचा. पहाटेचे साडेतीन वाजत आलेले, गार वारा, रस्त्यावर माझ्या डोक्यावरच्या दिव्याचा तेवढा गोल उजेड. चौकीवर पोचले तर दोन स्वयंसेवक होते आणि पट्टा घ्यायला कुणीच नव्हतं. फोन माझ्याकडे नव्हता, गाडीत ठेवला होता. आमची गाडी पुढे वळणापलीकडे काचा वर करून उभी होती आणि आत सगळेच्या सगळे झोपले होते. स्वयंसेवकांतल्या एका मावशींनी स्वतःची शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि त्यांच्याबरोबरचा मुलगा गाडी शोधत पळाला. पुढचे दादा डोळे चोळत आले, एका पायातल्या बुटाची नाडी सुटलेली. १९ मिनिटं गेली. माझ्या सावकाश धावण्यानं त्या टप्प्यात गेली होती ११. मी कुणावर चिडले नाही, पण घामानं ओल्या टी-शर्टात त्या थंडीत थांबले होते ती १९ मिनिटं मला आजही आठवतात.

घरी आल्यावर मी डाक पोचवणाऱ्या हरकाऱ्यांबद्दल वाचत बसले, कारण रिले हे त्यांचंच काम होतं. चौदाव्या शतकात मोरोक्कोहून आलेल्या प्रवासी इब्न बतूतानं हिंदुस्थानातल्या पायी डाकेचं वर्णन करून ठेवलंय: पळणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात तांब्याच्या घंटा बांधलेली काठी. घंटांचा आवाज आला की पुढच्या चौकीवरचा माणूस उठून तयार व्हायचा. मला ते वाचून फार बरं वाटलं. आमची अडचण सातशे वर्षांपूर्वीच कुणीतरी सोडवून ठेवली होती! दुसऱ्या वर्षी मुलीच्या कथकच्या घुंगरांतले चार घुंगरू काढून मी आमच्या पट्ट्याला शिवले. रात्रीच्या शांततेत ते बऱ्याच लांबून ऐकू येतात. शिवाय नियम केला की पुढच्या टप्प्याच्या माणसानं धावणारा पोचायच्या अर्धा तास आधी उठायचं. गाढ झोपेतून उठवलेल्याचं डोकं ठिकाणावर यायला तेवढा वेळ लागू शकतो. आणि एक जण कायम जागा. ते काम आमच्या ६१ वर्षांच्या काकूंनी मागून घेतलं. वहीत पोचायच्या वेळा लिहीत त्या पहाटेपर्यंत बसून होत्या, मध्ये झोपल्या त्या फक्त तासभर.

तुमची खरी परीक्षा दुसऱ्या टप्प्याला आहे. पहिला तर उत्साहातच निघून जातो. राजवाड्याजवळच्या सराफा बाजारात रात्री गराडू (तळलेला कंद) खात उभी असलेली माणसंसुद्धा टाळ्या वाजवतात. पण त्यानंतर चारेक तास गाडीत दुमडून बसलात की पाय लाकडासारखे होतात. म्हणून धावून आल्या-आल्या, गाडीत टेकायच्याही आधी, कोरडे कपडे घाला. दहा मिनिटं चाला. मग मीठ लावलेला उकडलेला बटाटा किंवा दहीभात, थोडा थोडा. तळलेलं नको. सरावात शनिवारी संध्याकाळी ६ किलोमीटर आणि रविवारी पहाटे ६ किलोमीटर असं महिनाभर केलंत तर पायांना ही सवय होते. त्या पहाटेच्या ६ किलोमीटरचा वेग मोजू नका.

डोंगरातल्या घाटाचा टप्पा कुणाला मिळतोय ते आधी विचारा. अहिल्यादेवींच्या काळातल्या जाम दरवाज्यापाशी माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता खाली नर्मदेकाठच्या निमाड भागात उतरतो. उतारावर वेगवान माणूस पाठवावा असं वाटतं, पण उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला रोखून धरतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. तिथे छोटी पावलं टाकणारा हवा. दुसऱ्या वर्षी तो टप्पा मला दिला. दरवाज्यातून बाहेर पडले तेव्हा उजाडत होतं, खाली निमाड धुक्यात, आणि प्रत्येक पावलाला छातीवरचे घुंगरू वाजत होते. खालच्या चौकीवर दादा आधीच रस्त्यात येऊन हात पुढे करून उभे होते. बुटाच्या नाड्यांना दोन-दोन गाठी.

परावर्तक जॅकेट घाला, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं धावा, आणि फोन गाडीत ठेवू नका. हो म्हणायच्या आधी ग्रुपला एवढं विचारा, की चौकीवर जागं कोण राहणार आहे.