फायनलनंतरचा सोमवार

"ताई, मी गोरेगावला एका लॅबमध्ये आहे. इंग्लंडमधून स्पॉन्सरशिपची, म्हणजे कंपनीच्या जोरावर वर्क व्हिसा मिळेल अशा नोकरीची ऑफर आलीये, मुलगा दुसरीत आहे. तिथे म्हणे मोठ्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी लोक बिनधास्त सिक लीव्ह टाकतात आणि कुणी विचारत नाही. खरंच इतकं आरामाचं आहे का? आणि एकटेपणा असतो का?" असं तू विचारलंस. व्हिसाची फी, बँक बॅलन्स, इंग्रजीची परीक्षा हे सगळं सरकारी साइटवर आहे, त्यात मी शिरत नाही. पण तुझा हा सिक लीव्हचा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

टाकतात, हे खरं. सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला इथे इंग्लंडमध्ये डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत नाही, आपणच लिहून द्यायचं. ११ जुलै २०२१, रविवार. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर इंग्लंड फुटबॉलच्या युरो कपची फायनल इटलीशी पेनल्टीवर हरलं. सोमवारी सकाळी आमच्या लॅबमध्ये फोन सुरू झाले. एकाचं पोट बिघडलेलं, एकीचं डोकं दुखतंय. सेंट्रिफ्यूजपाशी, म्हणजे रक्त गरागरा फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या मशीनपाशी, मी एकटी. तुला माहीतच आहे, रक्त फिरवायला उशीर झाला की पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा उगाच वाढलेला दिसतो. मग त्या पेशंटला पुन्हा सुई. ट्यूबांचे रॅक समोर साचत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. ती आग अजून पुरती विझलेली नाही.

पण "कुणी विचारत नाही" हे चूक. बऱ्याच ठिकाणी ब्रॅडफर्ड फॅक्टर लावतात: वर्षात किती वेळा गैरहजर राहिलीस त्याचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. सलग पाच दिवस आजारी पडलीस तर ५. पाच वेगवेगळे सोमवार बुडवलेस तर थेट १२५, आणि साहेबांचं बोलावणं. स्पॉन्सर्ड माणूस सलग १० पेक्षा जास्त कामाचे दिवस न सांगता आला नाही तर कंपनीला ते होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याला, कळवावंच लागतं. खऱ्या तापाच्या रजेनं व्हिसा जात नाही, हे नीट लक्षात ठेव.

मला हे नियम पाठ आहेत, तरी मी आजारपणाची रजा घेत नाही. माझे बाबा लालबागला गिरणीत होते, कितीतरी वर्षं बदली कामगार. सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तरच आत घ्यायचे. पुढे कायम झाले तरी अंगात कणकण असताना डबा घेऊन निघायचे. १९८३ला आपण वर्ल्ड कप जिंकलो तेव्हा गिरण्यांच्या संपाला दीड वर्ष होत आलं होतं, खाडा करायला कामच उरलं नव्हतं. त्या घरातून मी आले. लोक मला कामसू म्हणतात, पण आत भीतीच आहे. इथली पंचविशीतली पोरं जानेवारीतच फायनलनंतरच्या सोमवारची रजा मागून ठेवतात, तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो. ते बरोबर आहेत. सकाळी सातला फोन करून दांडी मारणारे मात्र चूक, कारण त्यांचं काम कुणाच्या तरी डोक्यावर पडतं.

मुंबईही आता तशीच झालीये. ४ जुलै २०२४, गुरुवार, टी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप घेऊन टीम मरीन ड्राइव्हवर आली तेव्हा माझा भाऊ नरिमन पॉइंटच्या ऑफिसातून साहेबांसकट खाली उतरला होता. इथे दुपार होती, मी ड्यूटीवर. फोनवर पाहिलं आणि रडले.

आता शाळेचं, कारण मुलगा दुसरीत म्हणालीस. त्या २०२१च्या फायनलनंतर इथल्या काही शाळांनी मुलांना उशिरा यायची मुभा दिली. आमच्या शाळेनंही दिली, मला आवडलं. पुढे बाबांच्या वर्षश्राद्धाला आम्ही मुलाला पाच दिवस मुंबईला नेलं. अर्ज आधी दिला होता. उत्तर आलं की हे अपवादात्मक कारणात बसत नाही. मग दंड, आई-वडील दोघांना वेगवेगळा, ८० पौंड प्रत्येकी, तोही २१ दिवसांत भरला म्हणून; नाहीतर १६०. पैसे गेले त्याचं काही नाही. मुलगा आजोबांच्या मांडीवर वाढलेला, आणि ते कारण कागदावर कारणच ठरलं नाही. अर्ज नाकारणाऱ्या शाळेतल्या बाईंशी मी आजही मोकळेपणानं बोलू शकत नाही.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. कामात दिवस जातो.

एक करार मात्र माझ्या कामाला आला. फुटबॉलच्या सोमवारी मी उभी राहते, त्याबदल्यात लक्ष्मीपूजनाला आणि गणपती बसतात त्या दिवशी माझी शिफ्ट दुसरं कुणी घेतं. पहिल्याच महिन्यात हे बोलून घे, रोटा (शिफ्टचं वेळापत्रक) लागायच्या आधी, आणि ईमेलवर घे. सही करण्यापूर्वी ऑफर लेटरमध्ये आजारपणाचा पगार कंपनी पहिल्या दिवसापासून देते का ते शोध, नसेल लिहिलं तर स्पष्ट विचार. आणि शक्य असेल तर ऑगस्टमध्येच ये. इथलं शाळेचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं. मधेच आलीस तर जवळच्या शाळेत जागा नसते आणि पोराला दोन बस बदलून पाठवायची वेळ येते.