चार जणांचा क्वार्टेट, पण ऐकणार कोण?

नमस्कार ताई,

पत्र दोनदा वाचलं तुमचं. मुलगी बारावी सायन्सला, व्हायोलिनची ट्रिनिटीची, म्हणजे लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेची, सातवी ग्रेड झालीये, आणि आता तिघा मित्रमैत्रिणींना घेऊन तिला स्ट्रिंग क्वार्टेट काढायचाय, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हियोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं), एक चेलो (खूप मोठं, बसून पायांमध्ये धरून वाजवायचं), आणि वाजवायचं काय तर आजचे कंपोझर आज लिहितायत ते नवं, कानाला अनोळखी वाटणारं म्युझिक. "हे ऐकणार कोण आणि पोट कसं भरणार" असं तुम्ही विचारलंत. ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तरच दुसऱ्याचं मिळेल, म्हणून आधी तेच बोलू.

अमेरिकेतला क्रोनोस क्वार्टेट तिला माहीत असेलच. १९७३ साली डेव्हिड हॅरिंग्टन या व्हायोलिनवादकाने रेडिओवर जॉर्ज क्रम्ब या कंपोझरची ब्लॅक एंजल्स ही रचना ऐकली, व्हिएतनाम युद्धाच्या काळातली, आणि हेच वाजवायचं म्हणून सिएटलमध्ये ग्रुप काढला. त्या रचनेत एका ठिकाणी वाजवणारे पाणी भरलेल्या काचेच्या ग्लासांच्या कडेवरून चक्क बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, ओढतात, पाणी कमीजास्त केलं की सूर बदलतो, आपल्या जलतरंगासारखाच, फक्त काठीऐवजी बो. आता असलं ऐकायला लोक आधीपासून थोडेच रांग लावून बसलेले असतात? ते एकेक करून जमवले त्यांनी. पहिली रचना केन बेन्शूफकडून लिहून घेतली तेव्हा मानधन काय दिलं, तर पिशवीभर डोनट! पुढे हजाराच्या वर नव्या रचना लिहून घेतल्या, जगभरच्या लोकांकडून. २००५ साली आपल्या सांगलीच्या आशाताईंबरोबर आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला, तबल्यावर झाकीरभाई.

मला सगळ्यात भावतं ते त्यांचं फिफ्टी फॉर द फ्युचर. तरुण क्वार्टेटसाठी पन्नास नव्या रचना लिहून घेतल्या आणि नोटेशन, प्रत्येक वाद्याचे पार्ट, रेकॉर्डिंग सगळं नेटवर फुकट ठेवलं. झाकीरभाईंची पल्लवी पण आहे त्यात. तिला म्हणावं आजच उतरवून घे, एक पैसा लागत नाही.

आता तुमच्या घराचं. नोकरी म्हणावी अशी ऑर्केस्ट्रा आपल्याकडे मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, २००६ पासून, बाकी कमाई शिकवण्यातून, रेकॉर्डिंगमधून, कार्यक्रमांतून, आणि ती दर महिन्याला सारखी नसते हे मी लपवणार नाही. म्हणून बारावी नीट होऊ दे, पुढे रोज तीन-चार तास रियाजाला उरतील अशी डिग्री घ्या, नुसतं घरच्यांच्या समाधानासाठी इंजिनिअरिंग नको. आणि तिला व्हियोला पण शिकू दे, हात व्हायोलिनचाच लागतो, फक्त वाद्य मोठं आणि नोटेशनचा क्लेफ, म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला सूर हे सांगणारी खूण, वेगळा, पण वाजवणारे कमी असल्यामुळे मागणी राहते.

पण मी तिची घेणार ती खरी परीक्षा वेगळी आहे. बारावी झाली की वर्षभर महिन्यातून एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये नाहीतर एखाद्या वाचनालयात तिने अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा, एक तरी रचना आपल्याच गावातल्या नव्या कंपोझरची, वाजवण्याआधी दोन मिनिटं लोकांशी बोलायचं, नंतर चहा, आणि कोण आलं, कोण परत आलं हे वहीत लिहायचं. खुर्च्या लावणं, फोन करणं, सगळं तिनेच, तुम्ही नाही. हे करताना ती कंटाळली तर व्हायोलिन छंद म्हणून छान आहे. आणि पाच माणसं आली तरी पुढच्या महिन्याची तयारी करत बसली, तर ताई, मी तुमच्याशी तिच्या बाजूने बोलेन.

वर्ष संपलं की जूनमध्ये ती वही घेऊन दोघी या.