लॅबमध्ये क्रोम टाकण्याआधी

चिपळूणला तुझ्या शाळेच्या लॅबमध्ये क्रोम टाकायचंय ना, मग तो छोटा इन्स्टॉलर घेऊ नकोस. खरी फाईल तो प्रत्येक मशीनवर नेटवरून नव्याने ओढतो. पावसात आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. अर्धी मशीनं मधेच अडकतील. त्यापेक्षा क्रोम एंटरप्राइझचं, म्हणजे संस्थांसाठीच्या क्रोमचं, पूर्ण बंडल एकदाच उतरवून ठेव. त्यात एमएसआय इन्स्टॉलर (विंडोजवर टाकायची पूर्ण फाईल) आणि पॉलिसीचे, म्हणजे क्रोमने कसं वागावं त्या नियमांचे, टेम्प्लेट, दोन्ही येतात. मशीन ३२ बिट की ६४ बिट, तेवढं आधी बघ.

टेम्प्लेटकडे लोक दुर्लक्ष करतात, हे मला फार खटकतं. होमपेज काय असावं, कुठली एक्स्टेंशन (क्रोमला जोडायची छोटी प्रोग्रॅम) चालतील, हे सगळं त्यांच्यामुळे एका जागेवरून ठरवता येतं. हे टेम्प्लेट म्हणजे एडीएमएक्स फाईल. ती विंडोजच्या पॉलिसीडेफिनिशन्स फोल्डरमध्ये टाक. क्रोमच्या फाईलसोबत गूगल नावाची दुसरीही लागते, ती विसरू नकोस. आणि भाषेच्या एडीएमएल फाईल आतल्या एन-यूएस (en-US) फोल्डरमध्ये. यातलं काही राहिलं की ग्रुप पॉलिसी एडिटर (हे नियम जिथे लावतात ते विंडोजचं टूल) उघडताना एरर येते आणि नवखा माणूस उगाच इन्स्टॉलरला दोष देत बसतो.

बंडल गूगलच्याच साइटवरून घे, कुणाच्या पेनड्राइव्हवरचं नको. आधी एकाच मशीनवर चालवून बघ.