शिकार आणि रानभटकंतीवर लिहून पोट भरतं का?

प्रश्न असा आहे: वय २६, पुण्यात आयटीत नोकरी, आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, त्यांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकत लहानाचा मोठा झालो, आता नोकरी सोडून शिकार आणि रानभटकंतीवर मासिकांत लिहून जगायचं म्हणतोय, जमेल का?

नुसत्या लेखांवर नाही जमणार. मी सोळा वर्षं हाच उद्योग करतोय, जुन्नर तालुक्यात राहतो, आणि आमच्या घरचा किराणा बायकोच्या पगारातून येतो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. खरं तर उत्तर इथंच संपलं, पण तुम्ही मनापासून विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शिकारीचं बघू. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानं आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीनं आपल्याकडे शिकार बंद झाली. वाघ-बिबट्या तर झालेच, पण ससा, तितर, घोरपडसुद्धा त्यात आली. फास लावणं, पकडायचा प्रयत्न करणं यालाही कायदा शिकारच म्हणतो. रानडुकरासाठी शेतकऱ्याला परवानगी मिळू शकते, पण ती पीक वाचवायला. तेव्हा ‘परवा रात्री आम्ही ससा पाडला’ अशी झकास सुरुवात केलीत, तर त्याचा लेख होत नाही, कबुलीजबाब होतो. आमच्याकडच्या एका पोरानं मेलेली घोरपड हातात धरून मोबाइलवर स्टेटस ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षक दारात.

आजोबांच्या गोष्टी मात्र सोडू नका. आजोबा हयात असतील तर याच आठवड्यात गावाला जा आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून समोर बसा. हाका कसा घालायचे, म्हणजे ओरडत जनावरं बंदुकीकडं कशी हाकलायचे, वारा बघून कुणाला कुठं बसवायचे, भेकर ओरडलं की किती वेळ हलायचं नाही, मांसाचे वाटे कसे पडायचे, यातलं फारसं कुठं लिहिलेलं नाही. आजोबा नसतील तर त्यांच्या हाकाऱ्यांपैकी कुणी तरी शोधा. बंदूकवाल्यापेक्षा हाकाऱ्याला रान जास्त माहीत असतं, असा माझा अनुभव आहे. बंदूकवाला बसून असायचा, चालायचा हाकारा. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या रानाबद्दल आज लिहायला कुणाची आडकाठी नाही, आणि संपादकही आनंदानं घेतात.

तुमच्या डोक्यात बहुतेक अमेरिकन नमुना असणार. तिथं शिकारीची मासिकं जुनी: ‘फील्ड अँड स्ट्रीम’ १८९५ पासून, ‘आउटडोअर लाइफ’ १८९८ पासून. शिकार परवाना काढून, हंगाम पाळून, उघडपणे चालते. १९३७ पासून तर बंदुका आणि काडतुसांवरच्या करातून राज्यांच्या वन्यजीव खात्यांना पैसा जातो. म्हणजे शिकारी, बंदूकवाले आणि सरकारी खातं हे सगळे एकाच गाड्याला जुंपलेले. रायफल, दुर्बिणी, बूट, तंबू विकणाऱ्यांच्या जाहिरातींवर ती मासिकं उभी राहिली आणि लेखकाला शब्दांवर पैसे देऊ शकली. आता छापील मासिकं तिकडंही आटली आहेत. आपल्याकडे तर हे गाडंच नाही. मराठी अंक उघडून जाहिराती बघा: सराफ, बिल्डर, पतसंस्था, आयुर्वेदिक तेल. यातल्या कुणालाही तुमच्या भेकरात रस नाही.

मराठीत लांब लेखाला जागा मिळते ती मुख्यतः दिवाळी अंकात. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’नं पहिला काढला, तेव्हापासून ही प्रथा आहे आणि अजून टिकून आहे, याचं मला दरवर्षी नवल वाटतं. पण ती वर्षातून एकदा येते. बाकी वृत्तपत्रांच्या पुरवण्या: आठशे शब्द, तेही जाहिरात आली की सहाशे.

या लेखनात ज्यांची नावं आपण आदरानं घेतो, त्यांच्या चुली कशावर पेटत होत्या तेही बघून घ्या. मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत नोकरीला. जिम कॉर्बेटनं गंगेकाठी मोकामा घाटावर वीसेक वर्षं रेल्वेच्या मालाची चढउतार करून घेण्याचं कंत्राट चालवलं. त्याचं गाजलेलं पहिलं पुस्तक १९४४ साली आलं तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. माझ्याकडे वनखातं नाही, आकाशवाणी नाही, रेल्वे नाही. म्हणून बायकोचं नाव वरती पहिल्यांदा घेतलं.

मग माझा वाटा कुठून येतो? एक प्रसंग सांगतो.

२०१४ चा जानेवारी, ओतूरजवळचा उसाचा फड. आमच्याकडे बिबट्याची मादी उसातच विते, आणि तोड सुरू झाली की पिल्लं उघड्यावर येतात. सकाळी दहाच्या सुमारास एका बाईला पाचटात तीन पिल्लं दिसली, डोळे नुकते उघडलेले. वनखात्याची माणसं आली, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून डॉक्टर आले. पिल्लं तपासली, वजनं झाली आणि ठरलं की अंधार पडायच्या आत जिथं सापडली तिथंच त्यांना भाजीच्या क्रेटमध्ये ठेवायचं. मादी रात्री येऊन घेऊन जाते. हे इकडं बऱ्याचदा केलं जातं आणि बऱ्याचदा साधतं.

पण तोवर तोड बंद ठेवावी लागते ना! तोडणी टोळीचा मुकादम तापला. टोळीनं उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, दिवस मोडला तर भरून कोण देणार? ट्रॅक्टर अर्धा भरून उभा. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा फडावरचा माणूस, कारखान्याला फोन लावत फिरतोय. शेतकरी म्हणतो, माझा ऊस आधीच वाळायला लागलाय, पिल्लं घेऊन जा आणि फड मोकळा करा. ज्या बाईला पिल्लं दिसली ती या कुणाशीच बोलत नव्हती. ती सारखी बांधाकडं बघत होती. तिचं दीड वर्षाचं पोर तिथं बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत झोपलं होतं, पिल्लांपासून चाळीसेक पावलांवर. मी ती पावलं नंतर मोजली.

रात्री आम्ही दोनशे मीटरवर गाडीत, काचा वर करून. सव्वाआठला वस्तीवरची कुत्री एकदम गप्प झाली. प्लास्टिकचा एक आवाज आला, टक्कन. मग बराच वेळ काहीच नाही. नंतर क्रेटजवळ लावलेल्या कॅमेऱ्यात बघितलं: मादीनं पंजानं झाकण सरकवलं, पिल्लू मानेला धरून उचललं आणि उसात गेली. अशा तीन फेऱ्या. तिसरीला पावणेदहा वाजले होते.

बावीसशे शब्द लिहिले. एका मासिकानं नऊशे छापले. मुकादम गेला, चिटबॉय गेला, झोळी गेली. मथळा ‘मृत्यूच्या जबड्यात एक रात्र’. जबडा कुठून आला, मला अजून कळलेलं नाही. आणि सोबत चित्र वाघाचं! बिबट्याच्या लेखाला वाघ. मानधन पाचशे रुपये, होळीनंतर. अंकाच्या दोन प्रती मात्र वेळेवर आल्या.

चिडून मी पूर्ण लेख फेसबुकवर टाकला. तीनेक महिन्यांनी बिबट्यांवर काम करणाऱ्या एका संस्थेतून फोन आला. त्यांना ऊसतोड कामगारांसाठी सोळा पानी पुस्तिका करायची होती: फडात पोरांना कुठं ठेवायचं, पिल्लं दिसली तर काय करायचं, कुणाला फोन करायचा. त्यांनी मला निवडलं ते मादीच्या वर्णनासाठी नाही. टोळी का थांबत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून. संपादकानं जे कापलं होतं, नेमकं त्याचे मला अठरा हजार मिळाले.

तिथून पुढं कामं लागत गेली. पर्यटनस्थळांवरच्या माहितीफलकांचा मजकूर, इंग्रजी अहवालांचं मराठी, शाळांची निसर्ग शिबिरं, बाहेरून चित्रीकरणाला येणाऱ्यांबरोबर वाटाड्या म्हणून जाणं. एकदा अशा अकरा दिवसांचे जे पैसे मिळाले तेवढे मी त्या वर्षभराच्या लेखांतून कमावले नव्हते. गेल्या वर्षी माझ्या हातात आलेल्या शंभर रुपयांतले लेखांचे जेमतेम अकरा. पुस्तकाचंही गणित करून टाका: किंमत २५०, हजार प्रतींची आवृत्ती, दहा टक्के मानधन, म्हणजे सगळ्या खपल्या तर २५,००० रुपये. माझ्या सगळ्या खपायला चार वर्षं लागली.

लेख मी तरीही लिहितो. लेख नसते तर वरच्यापैकी एकानंही मला शोधून काढलं नसतं. शिवाय लिहायचं असलं की माणूस नीट बघतो. वहीत मांडायचं नसतं तर मी ती चाळीस पावलं मोजायला गेलो नसतो.

तुमच्यासाठी काही बारीकसारीक. नोकरी सोडू नका. पुण्याहून शनिवारी पहाटे निघालात तर उजाडायला जुन्नर गाठाल, पण जुन्नरच असं नाही, कोणतंही एकच रान धरा आणि निदान दोन वर्षं तिथंच जा. आज ताडोबा, उद्या दांडेली, परवा कान्हा असं फिरून जे लिहिलं जातं ते जिप्सीतल्या प्रत्येकानं लिहिलेलं असतं. तारीख, वेळ, वारा, कोण भेटलं, काय बोललं, सगळं त्याच दिवशी वहीत. संस्था पैसे देताना बहुधा दहा टक्के टीडीएस कापतात. वर्षाअखेर रिटर्न भरून ते परत मागा. माझी दुर्बीण अशाच परताव्यातून आली. आणि व्याख्यानाला बोलावलं तर फोनवरच रक्कम विचारून घ्या. लाज वाटते खरी. मला ते जमेपर्यंत घरात नऊ शाली जमल्या होत्या.

दिवाळी अंकासाठी संपादकांना मे-जूनमध्येच विचारा, श्रावणात पानं भरलेली असतात. लेखासोबत फोटो तुमचाच पाठवा, खाली प्राण्याचं नाव ठळक अक्षरात लिहून. नाही तर वाघ लागतो.