ओला चकाकतो, वाळला की पांढुरका

प्रश्न : पैठणला गोदावरीच्या पात्रात लेकीला लिंबाएवढा पट्टेदार दगड सापडला. ओला असला की देखणा, वाळला की राख फासल्यासारखा. सोनार म्हणतात, तेल लावून ठेवा. घरी पॉलिश करता येईल का? – एक वाचिका, पैठण

उत्तर : ताई, हा बहुधा अकीक. आपल्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत सिलिकाचे, म्हणजे वाळूत असतं त्याच द्रव्याचे, थर साचून तो बनतो. पाषाण झिजतो, अकीक टिकतो आणि पुराबरोबर वाहत येतो. तुमच्या गावाला हा माल नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणहून गुजरातेतल्या भडोच बंदराला गाड्या भरून असे खडे जात, अशी नोंद आहे.

तेल नको, चार दिवसांत धूळ धरेल. दगडावर असंख्य बारीक ओरखडे असतात, त्यांवर उजेड विखुरतो आणि रंग फिका पडतो. पाणी किंवा तेल ते ओरखडे भरून काढतं, एवढंच. पॉलिश करायचं म्हणजे तेच ओरखडे इतके बारीक करत न्यायचे की डोळ्याला सापडूच नयेत. जयपूरच्या कारखान्यातही शेवटी हेच चालतं, फक्त तिथे चाक फिरतं आणि खडा लाखेने काडीवर बसवलेला असतो.

घरी होईल, पण वेळखाऊ आहे. अकीकाची कठिणता एक ते दहाच्या मोह्स मापावर साडेसहा ते सात, साधी कानस त्यावर नुसती घसरते. गाड्या रंगवणारे वापरतात तो काळा वॉटर पेपर आणा : 120, 220, 400, 800, 1200 (आकडा जितका मोठा, तितका कागद बारीक). जाड काचेवर पसरा, पाणी सोडत राहा आणि एकच बाजू घासा. सगळा दगड गुळगुळीत करायला जाऊ नका, कंटाळाल. 220ला उभं घासलंत तर 400ला आडवं घासा. उभ्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद हातात घेऊ नका. दर वेळी दगड, काच, हात, बोटांची नखंसुद्धा धुवा. खरखरीत कागदाचा एक कण राहिला तरी पुढचं सगळं ओरबाडतो. मग दगड कोरडा करून ट्यूबलाइटखाली तिरका धरा. तपासणी कोरड्यातच करा, ओला दगड खोटं बोलतो. 220ला घाई केली असेल, तर 1200ला तीच रेघ पांढरीशुभ्र होऊन वर येते आणि मुकाट मागे जावं लागतं.

शेवटी ओल्या चामड्यावर सेरियम ऑक्साइड घ्या. काच पॉलिश करणाऱ्यांकडे ही पूड मिळते. ट्यूबलाइटची कड दगडात न फाटता सरळ दिसली की थांबा.

पैलू पाडायच्या भानगडीत पडू नका. पैलू शोभतात पारदर्शक खड्याला, आत गेलेला उजेड परत फिरवायला. आणि फरशीवाल्याच्या कोरड्या ग्राइंडरवर दगड अजिबात देऊ नका. ती धूळ फुप्फुसात बसते. गुजरातेतल्या खंबायतच्या अकीक कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार झाला तो याच धुळीने.

प्रश्न : खंबायतचा लाल अकीक रंगवलेला असतो का? – एक वाचक, सांगली

उत्तर : रंगवलेला नव्हे, भाजलेला. पिवळट-तपकिरी दगड उन्हात वाळवून मडक्यात घालतात आणि शेणाच्या मंद आचेवर ठेवतात. त्यातल्या लोहामुळे तो लाल होतो. हा रंग कायमचा. गडद निळा किंवा राणी रंगाचा अकीक मात्र रंगवलेलाच समजा. दुकानदार तसं सांगून, रंगवलेल्याच्याच भावात देत असेल तर खुशाल घ्या.